औषधाच्या चुकीचा रिपोर्ट लिहिला, पुढे काय होतं?

वॉर्डइनचार्ज :

नमस्कार मंडळी,

मी परिचारिका. बरीच वर्षं वॉर्डात आणि आयसीयूत काढली. आता क्वालिटी विभागात आहे. आलेले इन्सिडेंट रिपोर्ट, म्हणजे चुकलेल्या किंवा चुकता चुकता राहिलेल्या घटनांचे फॉर्म, वाचणं आणि त्यांची चौकशी करणं हेच माझं काम. इथे सिस्टर, डॉक्टर, फार्मसीवाले आहेत, आणि ज्यांचं माणूस कधी ना कधी ॲडमिट होतं असे तर सगळेच आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

रिपोर्ट कमी का येतात असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : लोक घाबरतात. मेमो मिळेल, बढती अडकेल, प्रकरण कोर्टात जाईल. ही भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण मला त्याहून जास्त घातक वाटते ती रिपोर्ट दिल्यानंतरची सामसूम. ड्यूटी संपल्यावर थांबून सिस्टरने फॉर्म भरला, दिला, आणि त्यानंतर काहीच नाही. कोणी येऊन विचारलं नाही, काय ठरलं ते सांगितलं नाही, ज्या ट्रेवरून घोळ झाला तो ट्रे तिथेच तसाच. पुढच्या वेळी तीच सिस्टर परत अर्धा तास थांबून फॉर्म का भरेल? भीती एकदा जिंकता येते. आपलं लिहिणं वाया जातं हे कळलेल्या माणसाला परत लिहितं करणं फार अवघड.

एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असं सगळं गाळून. रात्रपाळी. अँटिबायोटिकची पावडर विरघळवायची म्हणून सिस्टरने ट्रेमधून डिस्टिल्ड वॉटरचं समजून दहा मिलीचं प्लास्टिकचं अँप्युल उचललं, मान मोडली, सिरिंजमध्ये ओढायला घेतलं आणि ओढता ओढता लेबल पुन्हा वाचलं. पोटॅशियम क्लोराईड. तिने ते टाकून दिलं, नवीन सिरिंज घेतली, पेशंटला काही झालं नाही. हे द्रावण पातळ न करता सरळ शिरेत गेलं असतं तर हृदय बंद पडू शकतं, हे इथल्या नर्सिंगवाल्यांना सांगायला नको.

तिने रिपोर्ट लिहिला, हे मोठं. त्यावर वरून आलेला शेरा असा : 'कारण : लेबल न वाचणे. उपाय : संबंधित सिस्टरला समज दिली.' फाईल बंद.

आता त्याच प्रसंगाकडे जाऊन उभं राहून पाहिलं तर काय दिसतं? दोन्ही अँप्युल एकाच आकाराची, एकाच ट्रेच्या शेजारशेजारच्या कप्प्यांत. कप्प्यांवरच्या चिठ्ठ्या स्पिरिटने पुसून पुसून उडालेल्या. पोटॅशियम आधी काचेच्या अँप्युलमध्ये यायचं. मागच्या इंडेंटपासून (औषधांच्या मागणीपासून) कंपनी बदलली आणि ते प्लास्टिकमध्ये यायला लागलं, पण वॉर्डाला कोणी कळवलं नाही. रात्री औषधं भरायच्या टेबलावरचा दिवा बंद, कारण पेशंटच्या डोळ्यांवर उजेड येतो. आणि ती भरत असताना दोन वेळा बेल वाजली होती.

यातलं एक तरी कारण समज दिल्याने जातं का? उद्या दुसरी सिस्टर त्याच ट्रेसमोर उभी राहणार आहे. खरा उपाय एकच : तीव्र पोटॅशियम वॉर्डाच्या कपाटात ठेवायचंच नाही, फार्मसीतून पातळ केलेली तयार बाटली आणायची. हा शोध माझा नाही. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने १९९८ साली गंभीर घटनांबद्दलचा आपला पहिलावहिला इशारा, सेंटिनेल इव्हेंट अलर्ट, काढला तो नेमका याच औषधावर होता. इतकी वर्षं झाली, तरी तीच दोन अँप्युल एका ट्रेमध्ये सापडतात.

तुमच्याकडे रिपोर्ट दिल्यावर काय होतं? कोणी उलट येऊन सांगतं का? आणि नातेवाईकांना काय सांगितलं जातं? मोकळेपणाने लिहा, फक्त हॉस्पिटलचं, माणसाचं नाव नको.

सलाईनस्टँड :

ताई, अगदी आमच्याच वॉर्डातलं लिहिलंत असं वाटलं.

आमच्याकडे फॉर्म इनचार्ज मॅडमच्या कपाटात, कुलपात. म्हणजे फॉर्म हवा असेल तर आधी त्यांच्याकडे जाऊन 'कशाला हवाय?' याचं उत्तर द्यायचं. फॉर्मची पहिली ओळ पेशंटचं नाव, दुसरी ओळ 'चूक करणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव'. काय झालं हे लिहायला जागा दीड ओळ. आणि शेवटी 'वरील चूक मला मान्य आहे' असं छापलेलं, त्याखाली सही.

मी नोकरीला लागले तेव्हा सिनिअर सिस्टरने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, पेशंटला काही झालं नसेल तर लिहायचं नाही. सगळ्यांना तेच सांगितलं जातं.

गोळीमात्रा :

मी हॉस्पिटल फार्मसिस्ट. 'पेशंटला काही झालं नाही तर लिहायचं नाही' या वाक्याबद्दल आधी बोलतो, कारण आमच्या दृष्टीने सगळ्यात कामाचा रिपोर्ट तोच असतो. पेशंट दगावला तर सगळं हॉस्पिटल जागं होतं, वकील येतात, केस पेपर सील होतो, कोणी मोकळं बोलत नाही. निअर मिसमध्ये, म्हणजे इजा होता होता टळलेल्या घटनेत, तीच सगळी कारणं हजर असतात आणि सांगणारा माणूस मोकळेपणाने सांगायला तयार असतो.

औषधांच्या चुकांची प्रतवारी करणारी एनसीसी मर्प नावाची एक पट्टी आहे, 'ए' पासून 'आय' पर्यंत. 'आय' म्हणजे मृत्यू. 'बी' म्हणजे चूक झाली पण पेशंटपर्यंत पोचली नाही. आणि 'ए' म्हणजे चूक अजून झालेलीच नाही, पण होईल अशी परिस्थिती आहे. ताईंच्या गोष्टीतला तो ट्रे म्हणजे 'ए'. त्याचा रिपोर्ट कोणाचंही नाव न घालता लिहिता आला असता, त्या रात्रीच्या कितीतरी आधी. कंपनी बदलली तेव्हा तो फार्मसीनेच लिहायला हवा होता, हेही स्पष्ट म्हणतो.

आणि एक. चूक म्हटली की बोट सिस्टरकडे जातं, कारण औषध शेवटी तिच्या हातून जातं. १९९५ साली लुशियन लीप, डेव्हिड बेट्स आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनच्या दोन हॉस्पिटलांमधल्या चुका तपासल्या. ३९ टक्के चुका डॉक्टरने औषध लिहिताना झालेल्या, ३८ टक्के देताना, उरलेल्या उतरवून घेताना आणि फार्मसीत. म्हणजे लिहिणं आणि देणं जवळजवळ बरोबरीत. फरक एवढाच की लिहिताना झालेली चूक फार्मसिस्टला, सिस्टरला पकडता येते आणि बऱ्याच वेळा ते पकडतातही. देताना झालेली चूक पकडायला पुढे कोणी उरलेलंच नसतं.

लिहिण्यातल्या चुका कशा असतात ते बघा. १.० मिग्रॅ लिहिलं, टिंब पुसट, वाचलं १०. .५ लिहिलं, आधीचं शून्य नाही, टिंब कागदाच्या रेघेवर आलं, वाचलं ५. इन्सुलिन १० युनिट लिहिताना युनिटऐवजी नुसतं इंग्रजी 'यू' काढलं, ते वरून मिटलं, वाचलं १००. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदा द्यायचं असतं; चार्टवर बाकी सगळी औषधं रोजची, म्हणून तेही रोज चढवलं. यातली शेवटची चूक जगभर माणसं मारते आहे. आमच्याकडे आता मेथोट्रेक्सेट लिहिताना वार लिहिल्याशिवाय फार्मसी देतच नाही. हा नियम एका निअर मिस रिपोर्टमधून आला आणि तो लिहिणाऱ्या सिस्टरला आम्ही जाऊन सांगितलं की तुझ्यामुळे हे झालं.

वॉर्डइनचार्ज :

गोळीमात्रा, शेवटचं वाक्य वाचून फार बरं वाटलं. त्या सिस्टरने पुढे आणखी रिपोर्ट लिहिले असतील याची मला खात्री आहे.

सलाईनस्टँड, 'चूक मला मान्य आहे' या ओळीखाली सही मागणारा फॉर्म हा कबुलीजबाब आहे. ती ओळ आधी गेली पाहिजे. घटनेच्या रिपोर्टला करणाऱ्याचं नाव लागतच नाही. कुठे, किती वाजता, कोणतं औषध, काय व्हायला हवं होतं, काय झालं, त्या वेळी आजूबाजूला काय चाललं होतं, एवढं लागतं.

सरळ_प्रश्न :

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. माझी आई ॲडमिट असताना तिला रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डबल डोस गेला. सकाळी एकदा, आणि शिफ्ट बदलल्यावर परत एकदा, कारण सकाळच्या डोसची सही चार्टवर राहिली होती. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. दुपारनंतर अचानक रक्त तपासायला नेलं, मग परत नेलं, विचारलं तर 'रूटीन आहे'. बाजूच्या पेशंटच्या नातेवाईकाने सिस्टरचं बोलणं ऐकलं होतं, त्याच्याकडून कळलं. आई बरी झाली. पण त्या 'रूटीन आहे' चा राग आजही गेलेला नाही.

तुमची सगळ्यांची चर्चा वाचतो आहे. शिक्षा नको, नाव नको, सही नको. पटतंय थोडंफार. पण आमच्या बाजूने बघा. मग जबाबदारी कोणाची? आणि तुमच्या त्या फॉर्ममध्ये आम्ही कुठे आहोत?

भूलशास्त्र :

सरळ_प्रश्न, तुम्हाला 'रूटीन आहे' असं सांगितलं गेलं ते चूक होतं, त्याचं समर्थन होऊच शकत नाही. डोस दुसऱ्यांदा गेला हे कळल्या क्षणी तुम्हाला सांगायला हवं होतं : काय झालं, त्याने काय होऊ शकतं, आता काय करतो आहोत. आतली चौकशी पूर्ण व्हायची वाट न बघता.

शिक्षेबद्दल एक प्रकरण सांगतो, ते जगभरच्या नर्सिंगमध्ये गाजलं. डिसेंबर २०१७, अमेरिकेत टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल. स्कॅनआधी पेशंटला घबराट वाटू नये म्हणून व्हर्सेड हे शांत करणारं औषध द्यायचं होतं. औषधांच्या संगणकी कपाटावर नर्सने 'व्हर्सेड' मधली पहिली दोन अक्षरं टाइप केली. कपाट औषधं जेनेरिक नावाने शोधत होतं, तिथे ते मिडाझोलाम या नावाने होतं. ते दिसलं नाही म्हणून तिने ओव्हरराइड केलं, म्हणजे कपाटाची अडवणूक ओलांडली, त्याच दोन अक्षरांनी सुरू होणारं व्हेक्युरोनियम निघालं. ते स्नायू लुळे पाडणारं औषध, श्वास थांबवतं. पेशंट गेली.

नर्सच्या हातून वाचायचं राहिलं, हे खरंच. व्हेक्युरोनियमच्या झाकणावर इशारा छापलेला असतो, ते पावडरच्या रूपात येतं आणि पाणी घालून तयार करावं लागतं, मिडाझोलाम तयारच येतं. थांबायला जागा होत्या. पण तिने चूक कळताक्षणी स्वतः सांगितली. हॉस्पिटलने मात्र राज्याच्या यंत्रणेला कळवायचं ते कळवलं नाही. २०१८ मध्ये कोणीतरी निनावी तक्रार केली तेव्हा बाहेरची तपासणी झाली. मार्च २०२२ मध्ये ती नर्स, राडोंडा वॉट, फौजदारी खटल्यात दोषी ठरली, मे महिन्यात तीन वर्षांचं प्रोबेशन मिळालं.

आता विचार करा, त्या निकालानंतर जगभरातल्या नर्सेसनी काय धडा घेतला असेल. जिने सांगितलं तिला शिक्षा झाली. कपाटाचं सॉफ्टवेअर, ओव्हरराइडची रोजची सवय, लुळं पाडणारी औषधं सहज हाती लागणं, यासाठी कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिलं नाही. तुम्ही विचारता जबाबदारी कोणाची. माझ्या मते त्यांची जास्त, ज्यांना ट्रे, कपाट आणि ड्यूटीचं वेळापत्रक बदलण्याचा अधिकार आहे.

पानोपानी :

भूलशास्त्र यांच्या शेवटच्या वाक्याला +१. वाचतेय.

वॉर्डइनचार्ज :

सरळ_प्रश्न, तुमचा प्रश्न टाळणार नाही.

'शिक्षा नको' असं सरसकट कोणीच जाणकार म्हणत नाही. आमच्याकडे तीन गोष्टी वेगळ्या धरतात. एक, हातून झालेली चूक : लेबल वाचायचं राहिलं, आकडा चुकला. दोन, अंगवळणी पडलेला धोका : दोघींनी तपासायचं इन्सुलिन एकीनेच तपासणं, कारण दुसरी मोकळी नसते आणि रोज तसंच चालतं. तीन, उघड बेपर्वाई : धोका समोर दिसत असून मुद्दाम दुर्लक्ष, दारू पिऊन ड्यूटी, खोट्या सह्या. तिसऱ्याला कारवाई हवीच. दुसऱ्यामध्ये त्या माणसाशी बोलायचं आणि ती सवय का पडली तेही शोधायचं. पहिल्यामध्ये माणसाला आधार द्यायचा आणि व्यवस्था बदलायची. कोणती चूक कुठे पडते हे ठरवायला एक साधा प्रश्न कामी येतो : तिच्या जागी तितकंच शिकलेली, तितकीच चांगली दुसरी सिस्टर त्याच रात्री असती तर हेच झालं असतं का? उत्तर 'हो' असेल तर तिला हलवून काही सुटणार नाही.

तुमच्या आईच्या बाबतीत सही राहिली. का राहिली? गोळ्या वाटताना चार्ट बेडपाशी होता की काउंटरवर? काउंटरवर असेल तर सह्या नंतर एकदम होतात, आणि एखादी राहतेच. हँडओव्हरमध्ये, म्हणजे शिफ्ट बदलताना माहिती देताना, रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा उल्लेख वेगळा होतो का? पेशंटला स्वतःला विचारलं का, 'सकाळची गोळी घेतलीत का?' हे विचारणारं कोणी आलंच नसेल तर ती चूक अजून त्या वॉर्डात आहे.

आणि फॉर्ममध्ये तुम्ही कुठे? बहुतेक ठिकाणी कुठेच नाही, आणि ते वाईट आहे. डेन्मार्कमध्ये २००४ पासून कायदाच लागू झाला : आरोग्य कर्मचाऱ्याने घटना कळवणं बंधनकारक, आणि कळवल्याबद्दल त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई करता येणार नाही. २०११ पासून तिथे रुग्ण आणि नातेवाईकही त्याच यंत्रणेत घटना कळवू शकतात. तुम्ही जे पाहिलंत, सकाळी एक सिस्टर, दुपारी दुसरी, ते कोणत्याच कर्मचाऱ्याने सलग पाहिलेलं नव्हतं. फक्त तुम्ही तिथे दिवसभर होतात.

सरळ_प्रश्न :

गोळ्यांची ट्रॉली बेडपाशी यायची, चार्ट काउंटरवर असायचे. तुम्ही विचारल्यावर आठवलं. आईने दुसऱ्या वेळी 'आत्ताच तर दिली' असं म्हटलंही होतं, 'ही वेगळी आहे' असं उत्तर मिळालं. हे मला त्या वेळी कोणी विचारलंच नाही. उत्तराबद्दल आभार.

वॉर्डइनचार्ज :

'आत्ताच तर दिली' असं पेशंट म्हणतो तेव्हा हात थांबला पाहिजे, गोळी परत ट्रॉलीत गेली पाहिजे आणि चार्ट आणून बघितला पाहिजे. तुमच्या आईंनी चूक पकडली होती. हे वाक्य मी परवानगी असेल तर आमच्या नवीन मुलींच्या प्रशिक्षणात सांगेन, ओळख न देता.

सरळ_प्रश्न :

जरूर सांगा.

प्रशासन_कक्ष :

व्यवस्थापनाच्या बाजूने लिहितो, कारण तीही अडचण खरी आहे. आम्ही दर महिन्याला इन्सिडेंटची संख्या बैठकीत मांडतो. संख्या वाढली की वरून विचारतात, तुमच्याकडे चुका का वाढल्या? मग पुढच्या महिन्यात प्रत्येक विभागप्रमुख संख्या कमी ठेवायला बघतो. आम्हालाही कळतं हे चुकीचं आहे. पण बैठकीत बोलायचं काय?

वॉर्डइनचार्ज :

एमी एडमंडसन यांचं संशोधन मांडा. १९९० च्या दशकात त्यांनी हॉस्पिटलमधल्या वेगवेगळ्या नर्सिंग टीम घेऊन औषधांच्या चुका बघितल्या. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी. आकडे उलटे आले : जिथे नेतृत्व चांगलं, आपसांतलं नातं चांगलं, तिथे चुका जास्त नोंदलेल्या. खोलात गेल्यावर कळलं की तिथे लोक चुकांबद्दल उघड बोलत होते, बाकी ठिकाणी लपवत होते.

म्हणून नुसती संख्या मांडूच नका. दोन आकडे वेगळे मांडा : पेशंटला इजा झालेल्या घटना किती, आणि इजा होण्याआधी पकडलेल्या किती. पहिला कमी व्हायला हवा, दुसरा वाढायला हवा. आणि तिसरा आकडा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : किती रिपोर्टवर लिहिणाऱ्याला उत्तर गेलं. एखाद्या वॉर्डातून महिनोन्‌महिने एकही रिपोर्ट आला नाही तर मी त्या वॉर्डाचं कौतुक करत नाही, मी तिथे चक्कर मारते.

हँगर४ :

मी विमानांच्या देखभालीतला माणूस. आमच्याकडे हा प्रश्न रक्त सांडून सुटला, ते सांगतो.

१ डिसेंबर १९७४. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर उतरत असताना डोंगराला धडकलं, ९२ माणसं गेली. कंट्रोलची परवानगी आणि नकाशावरची उंची यांचा अर्थ लावण्यात घोटाळा झाला होता. चौकशीत निघालं की साधारण सहा आठवडे आधी युनायटेडचं एक विमान त्याच घोटाळ्याने त्याच डोंगराला जेमतेम चुकलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीत कळवलं, कंपनीने आपल्या बाकीच्या वैमानिकांना सावधही केलं. दुसऱ्या कंपनीला कळायचा रस्ताच नव्हता.

त्यातून १९७६ मध्ये एव्हिएशन सेफ्टी रिपोर्टिंग सिस्टिम उभी राहिली. त्यातली हुशारी अशी की रिपोर्ट शिक्षा करणाऱ्या एफएएकडे, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडे, जात नाही, नासाकडे जातो. नाव-पत्त्याची पट्टी फाडून, तारखेचा शिक्का मारून लिहिणाऱ्याला परत पाठवतात, मग रिपोर्टमध्ये ओळख उरत नाही. मुद्दाम केलेलं नसेल, गुन्हा किंवा अपघात नसेल आणि दहा दिवसांत कळवलं असेल तर दंडातून सूट. आणि आलेल्या रिपोर्टमधून 'कॉलबॅक' नावाचं पत्रक दर महिन्याला निघतं, ते कोणालाही वाचता येतं. तुम्ही ज्याला सामसूम म्हणता तिच्यावरचा उपाय हा.

गोळीमात्रा :

हँगर४, तुमची सहा आठवड्यांची गोष्ट वाचून हेपॅरिन आठवलं, हुबेहूब तेच. सप्टेंबर २००६, इंडियानापोलिस. नवजात बाळांची सलाईन लाईन साफ ठेवायला मिलीला १० युनिटचं हेपॅरिन लागतं. कपाटात चुकून १०,००० युनिटच्या बाटल्या भरल्या गेल्या. दोन्ही बाटल्या लहान, दोन्हींची लेबलं निळ्या छटांची. सहा बाळांना हजारपट डोस गेला, तीन गेली. कंपनीने २००७ मध्ये इशारा पाठवला, लेबलही बदललं. पण जुना माल कपाटांतून परत घेतला गेला नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका नामांकित हॉस्पिटलमध्ये एका अभिनेत्याच्या जुळ्या बाळांना अगदी तीच चूक भोगावी लागली. सुदैवाने ती वाचली.

इशारा पोचला होता. बाटली मात्र कपाटातच होती.

भूलशास्त्र :

आमच्या शाखेतलं असंच जुनं दुखणं म्हणजे व्हिन्क्रिस्टिन. कॅन्सरचं हे औषध फक्त शिरेतून द्यायचं, मणक्यात गेलं तर माणूस जवळजवळ नक्की जातो, तोही हाल होऊन. २००१ मध्ये नॉटिंगहॅमला अठरा वर्षांचा मुलगा याने गेला. मणक्यातलं औषध आणि व्हिन्क्रिस्टिन, दोन्हींच्या सिरिंज एकत्रच वॉर्डात आल्या होत्या. तोवर जगात हीच चूक अनेकदा झालेली होती, प्रत्येक वेळी 'डॉक्टरांनी काळजी घ्यावी' असं परिपत्रक निघालं होतं.

२००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इशारा काढून सांगितलं : व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाईनच्या पिशवीत पातळ करून द्या. सिरिंजपेक्षा कितीतरी मोठी ती पिशवी मणक्यात सोडायचं कोणाच्या मनातच येणार नाही. पुढे मणक्याच्या सुयांसाठी वेगळी जोडणीच निघाली, तिच्यावर शिरेची सिरिंज बसतच नाही.

म्हणून रिपोर्ट वाचणाऱ्यांना विनंती. 'उपाय' या रकान्यात प्रशिक्षण, समज, परिपत्रक एवढंच लिहिलं असेल तर उपाय लिहिलेला नाही असं धरा. थकलेल्या माणसाच्या हातूनही चूक होणारच नाही अशी वस्तू, जागा किंवा जोडणी बदलता येते का, ते आधी बघा. फार थोड्या वेळा ते खरोखरच अशक्य असतं.

सलाईनस्टँड :

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. ताई, एक व्यवहारातला प्रश्न. समजा इनचार्ज फॉर्म देत नाहीत, किंवा 'हे लिहू नकोस' म्हणाल्या. मग मी काय करायचं? त्यांच्या डोक्यावरून वर जावं तर माझी ड्यूटी त्याच लावतात.

वॉर्डइनचार्ज :

एकटीने डोक्यावरून जाऊ नकोस. आधी पेशंट : औषध चुकीचं गेलं असेल तर डॉक्टरला लगेच कळवायचं, आणि केस पेपरवर काय दिलं, किती वाजता, पेशंटची नाडी-बीपी काय, डॉक्टरांनी काय सांगितलं, हे नेहमीच्या नोंदीप्रमाणे लिहायचं. त्यात 'चूक', 'दुर्लक्ष' असे शब्द नकोत, आणि आधीची नोंद खोडायची किंवा बदलायची तर अजिबात नाही. ही नोंद करायला कोणाची परवानगी लागत नाही.

मग घटनेचा रिपोर्ट. बहुतेक हॉस्पिटलांत क्वालिटी विभाग, औषध सुरक्षा समिती किंवा क्लिनिकल फार्मसिस्ट असतो, तिघांपैकी कोणाकडेही रिपोर्ट देता येतो, इनचार्जमार्फतच दिला पाहिजे असा नियम सहसा नसतो. तुमच्याकडे काय आहे ते लेखी धोरणात बघ. फार्मसिस्टशी ओळख करून घे, तो तुझा सगळ्यात चांगला साथीदार ठरेल, कारण बऱ्याच घटनांची सुरुवात त्याच्या कपाटातून होते आणि त्याला ते ऐकायचं असतं. सुरुवात अशा रिपोर्टने कर ज्यात कोणाचंच नाव येत नाही : एकसारखी अँप्युल, उडालेली चिठ्ठी, बंद दिवा. त्यावर काहीतरी हललं तर इनचार्जनाही दिसेल की याने वॉर्डाचं भलं होतं.

आणि इनचार्जबद्दलही मनात अढी धरू नकोस. त्यांनाही बैठकीत 'तुमच्या वॉर्डात चुका का वाढल्या' हेच विचारतात.

प्रशासन_कक्ष :

विचारतो, हे खरं आहे. पुढच्या बैठकीत ते दोन आकडे वेगळे मांडतो. फॉर्म कुलपात कुठे कुठे आहेत तेही बघतो. ताई, करणाऱ्याचं नाव न मागणारा नमुना तुमच्याकडे असेल तर इथे टाकाल का?

वॉर्डइनचार्ज :

टाकते. आमचा फॉर्म एका पानाचा आहे. 'काय झालं' याला अर्धं पान मोकळं सोडलंय, त्याखाली 'त्या वेळी आजूबाजूला काय चाललं होतं', आणि अगदी खाली एक चौकट : 'काय बदललं हे तुम्हाला कोणत्या नंबरवर कळवू?' नाव लिहायचं नसेल तर मोकळी सोडा, मग उत्तर वॉर्डाच्या बोर्डवर लावतो. उद्या ड्यूटीवरून आल्यावर पूर्ण मजकूर टाइप करते. गोळीमात्रा, औषधांच्या नावांचा रकाना तुम्ही एकदा बघून घ्या. जेनेरिक आणि कंपनीचं नाव दोन्ही मागायचं की नाही यावर आमच्याकडे अजून वाद आहे.

गोळीमात्रा :

दोन्ही मागा. कंपनी बदलली हे आम्हाला बऱ्याचदा त्या रकान्यातूनच कळतं. आणि बॅच नंबरलाही जागा ठेवा.